कोब्यावर इपॉक्सी

(दृश्य : बंगल्याचं पार्किंग. कोब्यावर ऑइलचे काळे डाग, भिंतीकडेला खार फुटलेला.)

निवेदन :

नागाळा पार्क, कोल्हापूर. इथल्या मालकांना गाडीखालचा कोबा गुळगुळीत, करडा, पुसून काढता येईल असा हवाय. उद्यमनगरातल्या मशीनशॉपमध्ये असतो तसा. म्हणजे इपॉक्सी : रेझिन आणि हार्डनर ही दोन रसायनं मिसळून लावायचा, घट्ट होऊन कडक बनणारा थर.

"दोन दिवसांत होईल की ओ, मिस्त्री?"

"रंग दोन दिवसांत मारून देतो, साहेब. पण तो राहायला पाहिजे का नको?"

मिस्त्री कोब्यावर पाणी शिंपडतात. मुरलं, तर जागा ठीक. थेंब तसाच बसून राहिला, तर तिथं जुनं ऑइल आहे, नाहीतर वर आलेली सिमेंटची साय. दोन्हीवर इपॉक्सी धरत नाही.

(दृश्य : कोब्यावर चारी बाजूंनी टेपनं चिकटवलेला प्लॅस्टिकचा तुकडा.)

खरी परीक्षा ओलीची. दीड फुटी प्लॅस्टिक चारी बाजूंनी पक्कं चिकटवायचं आणि किमान 16 तास हात लावायचा नाही. उचलल्यावर खाली दव दिसलं किंवा कोबा काळवंडला, तर काम थांबवायचं. इपॉक्सी वाफ आरपार जाऊ देत नाही. जमिनीतली ओल वर ढकलत राहते आणि थराला फोड येतात, मग पापुद्रे. 2019 आणि 2021 चा महापूर पाहिलेल्या या भागाला ओल म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेनं 43 फुटांची धोका पातळी ओलांडली, की नदीकाठच्या घरांचे तळ आधी भिजतात. म्हणून हे काम पावसाळ्यात काढूच नये. दिवाळीनंतर कोबा वाळू द्यावा; फेब्रुवारी-मार्च उत्तम. नवा कोबा असेल तर निदान 28 दिवस थांबावं.

(दृश्य : ग्राइंडर सुरू.)

डाग आधी डीग्रीझरनं धुवून, पूर्ण वाळवून घेतलेत. आता डायमंड ग्राइंडर. हाताला खरखरीत लागेपर्यंत वरचा थर काढायचा. काही जण ॲसिड ओततात. स्वस्त पडतं, पण ॲसिडनं ऑइल निघत नाही, आणि नंतर धुताना कोबा पुन्हा भिजतो. आमच्या मते घरच्या कामात तो उद्योग नकोच. ग्राइंडरला व्हॅक्यूम मात्र हवा आणि तोंडाला चांगला मास्क; सिमेंट-वाळूची ही धूळ फुफ्फुसात बसते. नुसता रुमाल बांधून भागत नाही.

भेगा इपॉक्सीच्या पुट्टीनं भरल्या, घासल्या, प्राइमर झाला.

(दृश्य : बादलीत मिक्सर फिरतोय.)

रेझिन आणि हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच. अंदाजपंचे घातलं, तर थर चिकटच राहतो, आणि तो खरवडून काढण्याइतकं वैतागवाणं काम दुसरं नाही. मिसळल्यावर माल बादलीत ठेवायचा नाही. रासायनिक क्रियेची उष्णता साठते, बादली हाताला चटका देते, माल तिथंच घट्ट होतो. उन्हाळ्यात तर आणखी लवकर. म्हणून मे महिन्यातल्या भर दुपारी हे काम धरू नये.

रोलर आतल्या भिंतीकडून गेटकडे येतो. ओल्या थरावर सिलिका वाळू भुरभुरतात. पावसात भिजलेली मोटरसायकल आत घेताना पाय घसरायला नको.

गेटजवळ ऊन येतं, तिथं इपॉक्सी पिवळा पडतो. त्या पट्ट्यावर पॉलियुरेथेनचा हात दिला. दुसऱ्या दिवशी मालक अनवाणी फिरून आले. गाडी मात्र आठवडाभर रस्त्यावरच. थर पुरता कडक होण्याआधी गरम टायर टेकला, तर तो टायरला चिकटून उचलला जातो.