पोट उघडावे, थांबावे की पाठवावे

मित्रहो, जनरल सर्जनचे बरेचसे काम ठरवून होते. हर्निया, मूळव्याध किंवा पित्ताशयातले खडे यांच्या शस्त्रक्रियेची तारीख घरच्यांशी बोलून, गणपती आटोपल्यावर की आंब्याचा हंगाम संपल्यावर असा विचार करून घेता येते. अचानक पोट दुखू लागलेल्या माणसाच्या बाबतीत ही सवड नसते. पोट उघडायचे, थांबायचे की पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवायचे, हे त्याच्याबाबत काही तासांतच ठरवावे लागते. यांतल्या थांबण्याविषयी मला आज मुख्यत्वे बोलायचे आहे. थांबणे हा शल्यचिकित्सेतला पूर्ण वजनाचा निर्णय आहे, त्याला वेळेची शिस्त लागते, आणि आपल्या कोकणात ती वेळ रस्ता, पाऊस आणि रक्तपेढी यांचा हिशेब केल्याशिवाय ठरवता येत नाही.

अपेंडिक्सपासून सुरुवात करू. दुखणे आधी बेंबीभोवती होते, मग उजवीकडे खाली सरकले, जेवणावरची वासना गेली, असे रुग्ण आपण होऊन सांगत असेल आणि चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये वर्णन केलेल्या जागी बोट ठेवताच तो कळवळत असेल, तर निदान फारसे अवघड नाही. अडचण मधल्या रुग्णांची असते. अपेंडिक्सच्या निदानासाठी अल्वाराडो यांनी १९८६ मध्ये मांडलेली दहा गुणांची पद्धत आपण वापरतो. तिच्यात पाच-सहा गुण मिळालेला रुग्ण घरी पाठवण्याइतका निर्धास्त नसतो आणि टेबलावर घेण्याइतका पक्काही नसतो. अशा वेळी त्याला दाखल करून घ्यावे, चार ते सहा तासांनी पुन्हा तपासावे, आणि शक्यतो पहिल्यांदा ज्याने पोट तपासले त्यानेच पुन्हा तपासावे, कारण पोटाच्या कडकपणात पडलेला फरक कागदावर पूर्णपणे उतरवता येत नाही. या काळात वेदनाशामक द्यायला घाबरू नये. त्याने निदान झाकले जाते ही जुनी समजूत नंतरच्या अभ्यासांत टिकलेली नाही, आणि रुग्णाला विव्हळत ठेवून आपल्याला अधिक काही कळते असेही नाही.

गुंतागुंत नसलेल्या अपेंडिक्सवर केवळ प्रतिजैविकांनी उपचार करता येतात, हेही आता सिद्ध झाले आहे. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत असे उपचार घेतलेल्या दहांपैकी सुमारे तिघांना ९० दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करावी लागली. फिनलंडमधील रुग्णांत पाच वर्षांअखेर हे प्रमाण सुमारे ३९ टक्के झाले. हे आकडे रुग्णाला सांगावेत, पण त्याच्या आयुष्यात बसवून सांगावेत. रत्नागिरी शहरात राहणारी शिक्षिका दुखणे उलटले तर अर्ध्या तासात परत येऊ शकते. मिरकरवाड्याहून ट्रॉलरवर जाणारा खलाशी १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठली की अनेक दिवस समुद्रात असतो, आणि तिथे दुखणे उलटले तर बंदर गाठेपर्यंत अपेंडिक्स फुटलेले असू शकते. दोघांच्या सोनोग्राफीचे अहवाल शब्दशः सारखे असले तरी मी दोघांना एकच सल्ला देणार नाही.

आता ज्यात पोट उघडायचेच नसते, त्या पोटदुखीकडे वळतो. पावसाळ्यात पहाटे तीन-चारच्या सुमाराला असह्य पोटदुखीने आणि उलट्यांनी जागा झालेला, रात्री जमिनीवर चटई टाकून झोपलेला निरोगी तरुण तुमच्यासमोर आला, तर पोटाला हात लावण्याआधी त्याच्या पापण्या पाहा. मण्यार (स्नायू लुळे पाडणाऱ्या विषाचा साप) रात्री घरात शिरते आणि झोपेत चावते. तिचे दात इतके बारीक असतात की सूज येत नाही आणि खूण बहुधा सापडतच नाही, त्यामुळे साप चावल्याचे रुग्णाला स्वतःलाही ठाऊक नसते. दुखणे भयंकर आणि पोट मात्र मऊ, ही विसंगती तुमच्या हाताला जाणवली पाहिजे. त्याला वर बघायला सांगा, जीभ बाहेर काढायला सांगा, एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते पाहा, आणि हे सारे दर अर्ध्या तासाने पुन्हा करा. पापण्या जड होऊ लागल्या, गिळताना त्रास होऊ लागला, की त्याला प्रतिसर्पविष आणि कृत्रिम श्वासाची सोय तातडीने लागते. अशा रुग्णाला तीव्र पोटदुखी म्हणून भूल दिली गेली तर काय होईल, याची कल्पना तुम्ही करू शकता.

लावणीच्या दिवसांत ताप, कावीळ आणि उजव्या बरगडीखाली दुखणे घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याचे डोळे लाल आणि पोटऱ्या दुखऱ्या आहेत का ते पाहावे, कारण लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या पावसाळी संसर्गाचा) रुग्ण पित्ताशयाच्या विकाराचा वाटू शकतो. डेंग्यूतही सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत जाड दिसते. तिला चाकूची गरज नसते.

निरीक्षणाविषयी बोलताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. महाडच्या परिसरात विंचूदंशाच्या रुग्णांना घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही लक्षणे कोणत्या क्रमाने होतात, हे त्यांनी रुग्णाच्या खाटेपाशी बसून टिपले, १९८२ मध्ये त्यांचे निरीक्षण लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापराने कितीतरी जीव वाचले. अपुऱ्या साधनांच्या ग्रामीण रुग्णालयातही किती बारकाईने पाहता येते, याचा हा पुरावा आपल्याच भूमीतला आहे.

आणखी एक तपासणी मी कळकळीने सांगतो. पोट फुगलेली, उलट्या होणारी, नऊवारी नेसलेली सत्तरीची आजी आली, की आपण संकोचाने बेंबीपर्यंतच तपासतो, आणि जांघेत सुपारीएवढी दुखरी गाठ तशीच राहून जाते. या जागेचा, म्हणजे फीमोरल, हर्निया बायकांमध्ये अधिक आढळतो आणि त्यात आतडे लवकर आवळले जाते. सिस्टरांना सोबत घ्यावे, आजींना विश्वासात घ्यावे आणि दोन्ही जांघा उघड्या करून पाहाव्यात. इथे मात्र थांबण्याला जागा नाही.

हंगामात आंब्याच्या कलमावरून किंवा माडावरून पडलेल्या माणसाची प्लीहा (पोटात डावीकडे बरगड्यांखाली असलेली पाणथरी) फाटलेली असू शकते. डाव्या खांद्यात दुखत असल्याची त्याची तक्रार हाडाच्या माराची समजून सोडून देऊ नये. नाडी आणि रक्तदाब स्थिर असेल तर आज अशा अनेक प्लीहा न काढता वाचवता येतात, आणि त्या वाचवाव्यात, कारण प्लीहा गेलेल्या माणसाला लसी घ्याव्या लागतात आणि पुढे आयुष्यभर प्रत्येक तापाला जपावे लागते. परंतु हे थांबणे जिथे चोवीस तास ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त हाताशी आहे, तिथेच सुरक्षित असते. राजापूरच्या आतल्या एखाद्या छोट्या दवाखान्यात त्याच प्लीहेसाठी योग्य निर्णय म्हणजे नाडी चांगली असतानाच त्याला हलवणे. लॅन्सेटच्या जागतिक शल्यसेवा आयोगाने २०१५ मध्ये पोट उघडण्याची शस्त्रक्रिया दोन तासांच्या अंतरात उपलब्ध असावी असे म्हटले, पण हे दोन तास नकाशावर मोजायचे नसतात. चिपळूणहून कुंभार्ली, रत्नागिरीहून आंबा किंवा वैभववाडीहून करूळ घाट जुलैच्या रात्री उघडा आहे की दरड कोसळली आहे, हे विचारल्याखेरीज पाठवण्याची वेळ ठरवू नये. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा ज्या रुग्णाबाबत आदल्या संध्याकाळी निर्णय झाला नव्हता, त्याच्यासाठी सकाळी रस्ताच उरला नव्हता. म्हणून अतिवृष्टीचा इशारा असेल तर माझी सहा तासांची मुदत मी तीनवर आणतो, आणि या बदलाचे कारण केसपेपरवर लिहितो.

रुग्ण पुढे पाठवताना दिलेली चिठ्ठी हा तुमच्या निरीक्षणाचा एकमेव साक्षीदार असतो. तिच्यात केवळ ‘तीव्र पोटदुखी, पुढील उपचारासाठी’ एवढेच लिहिलेले असेल, तर गोव्यातल्या बांबोळीच्या किंवा कोल्हापूरच्या मोठ्या रुग्णालयातल्या सर्जनला पुन्हा पहिल्या तासापासून सुरुवात करावी लागते. दुखणे कधी सुरू झाले, पोट किती वाजता कसे होते आणि निघताना कसे आहे, दर तासाची नाडी, लघवी किती झाली, कोणते औषध किती वाजता दिले, शेवटचे खाणे कधी झाले, हे लिहायला पाच मिनिटे पुरतात. चिठ्ठी लिहून झाली की तिथल्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन करावा, रुग्णवाहिकेच्या चालकाचा नंबर त्यांना द्यावा, आणि चिठ्ठीचा फोटो त्यांना पाठवूनच गाडी सोडावी, कारण घाटात एकदा रेंज गेली की पलीकडच्या गावापर्यंत कोणाशीच बोलता येत नाही.