झोळीतलं सामान: ठासणीची बंदूक आणि हातानं केलेल्या वस्तू

नमस्कार. ठासणीची बंदूक म्हटलं की आपल्याकडे दोन चित्रं डोळ्यांपुढे येतात. एक, संग्रहालयातल्या काचेमागची लांबलचक तोड्याची बंदूक. दुसरी, कोकणातल्या एखाद्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठेवलेली, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करावी लागणारी बंदूक. मी गेली अनेक वर्षं अमेरिकेत, ओहायो राज्यात राहतो. तिथे ही बंदूक खेळ म्हणून जिवंत आहे. शेजारच्या इंडियाना राज्यात फ्रेंडशिप नावाचं छोटंसं गाव आहे. १९३३ साली स्थापन झालेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय ठासणी बंदूक संघटनेचं मैदान या गावात आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला तिथे मोठ्या स्पर्धा भरतात. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या कारागिरांनी घडवलेल्या लांब नळीच्या, गारगोटीच्या ठिणगीवर चालणाऱ्या बंदुकीची परंपरा ही माणसं सांभाळून आहेत.

आज मी बंदुकीपेक्षा तिच्यासोबत खांद्याला असणाऱ्या झोळीबद्दल जास्त बोलणार आहे. बंदूक कारागीर घडवतो. ती अचूक आणि बिनधोक चालेल की नाही, हे मात्र बरंचसं झोळीतल्या सामानावर अवलंबून असतं. ते सामान ज्याला वापरायचं आहे त्यानंच बनवावं, असं माझं ठाम मत आहे. जुन्या काळी पैसे वाचवण्यासाठी लोक ते घरी करत, हे खरं. पण आज सगळं बाजारात तयार मिळत असतानाही जाणते नेमबाज ते घरीच करतात. का, ते एकेका वस्तूच्या निमित्तानं सांगतो.

आधी बार कसा भरतात ते थोडक्यात. दारू मोजायची, तोंडाकडून नळीत ओतायची. तोंडावर वंगण लावलेली चिंधी ठेवायची, तिच्यावर शिशाची गोळी. गजानं ती तळापर्यंत, दारूला टेकेपर्यंत ठासायची. मग बाजूच्या पेल्यात चिमूटभर बारीक दारू घालायची, जिला आपल्याकडे रंजक म्हणतात. घोडा, म्हणजे गारगोटी धरून ठेवणारा भाग, चढवायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा. गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी रंजकीवर पडते, ती आग बंदुकीच्या कानातून, म्हणजे नळीच्या बाजूला असलेल्या बारीक भोकातून, आत शिरते आणि बार उडतो. यातल्या प्रत्येक पायरीला एक छोटी वस्तू लागते, आणि प्रत्येक वस्तूच्या मागे कुठला ना कुठला अपघात आहे, जो टाळण्यासाठी ती जन्माला आली.

पहिलं म्हणजे शिंग. दारू ठेवायला बैलाचं किंवा गाईचं शिंग जगभर वापरलं गेलं. शिंग पाणी आत येऊ देत नाही. हलकं असतं. पडलं तर फुटत नाही, आणि मुख्य म्हणजे दगडावर किंवा लोखंडावर घासलं तरी ठिणगी उडत नाही. मुघल काळातली हस्तिदंती रंजकदाणी तुम्ही पाहिली असेल, हरणाच्या आणि इतर प्राण्यांच्या आकृत्या कोरलेली. गुजरातेत शिंपल्याच्या चकचकीत तुकड्यांनी मढवलेली दारूपात्रंही होत. ती दरबारी माणसाची चैन. साध्या शिपायाच्या आणि शिकाऱ्याच्या कमरेला शिंगच असायचं.

शिंग तयार करणं हे सबुरीचं काम आहे. कच्चं शिंग पाण्यात उकळलं की आतला हाडाचा गाभा सुटतो. वास फार वाईट येतो, म्हणून हे काम अंगणातच करावं. शिंग गरम असताना मऊ पडतं. रुंद तोंडाचा आकार मुळात लंबगोल असतो, त्यात लाकडाचा निमुळता शंकू दाबून बसवला आणि तसंच गार होऊ दिलं की ते गोल होतं. मग त्या तोंडात लाकडाचं बूच घट्ट बसवायचं, सांध्यात मेण भरायचं आणि कडेनं लाकडी किंवा पितळी खिळ्या मारायच्या. लोखंडी खिळा इथे चालत नाही, कारण तेच ठिणगीचं. टोकाकडचा भाग भरीव असतो. पोकळी कुठे संपते हे आत तार सरकवून मोजायचं, बाहेर तिथे खूण करायची, टोक कापायचं आणि भोक पाडायचं. त्या भोकाला लाकडाची छोटी बुची. अमेरिकेत बरेच जण जुन्या व्हायोलिनची खुंटी वापरतात. ती मुळातच निमुळती असते, त्यामुळे दाबून फिरवली की घट्ट बसते.

यातलं सगळ्यात सुंदर काम घासण्याचं. चांगला कारागीर शिंग इतकं पातळ तासतो की उजेडात धरल्यावर आतल्या दारूची पातळी दिसते. हा देखणेपणा उपयोगाचाही आहे: किती बार उरलेत हे बुची न उघडता कळतं. १७५४ ते १७६३ या काळात उत्तर अमेरिकेत इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात जे युद्ध झालं, त्यातल्या सैनिकांनी या शिंगांवर नकाशे कोरले. हडसन आणि मोहॉक नद्या, त्यांच्या काठचे किल्ले, ऑल्बनीपासून पुढे जाणारी वाट. त्यासोबत मालकाचं नाव, साल आणि कधी चार ओळींचं कवन. कोरलेल्या रेघांमध्ये शाई किंवा काजळी भरत. अशी शिंगं आज अमेरिकेतल्या संग्रहालयांत आहेत. मला ती कुठल्याही तैलचित्राइतकी मोलाची वाटतात, कारण ज्या माणसाचं नाव इतिहासात कुठेच आलं नाही त्यानं छावणीत बसून चाकूच्या टोकानं ते नाव स्वतः लिहून ठेवलं आहे.

आता माप. शिंगातून दारू थेट नळीत कधीही ओतायची नाही. हा नियम मी सगळ्यात वर ठेवतो. आधीचा बार उडाल्यावर नळीच्या तळाशी कापडाचा किंवा काजळीचा एखादा निखारा धुमसत राहू शकतो. तुम्ही शिंग तोंडाला लावलं आणि तो निखारा भेटला, तर हातातलं अख्खं शिंग पेट घेतं. मध्यम शिंगातही पाव किलो दारू सहज मावते. मापातून ओतली तर जळते ती मापातली, म्हणजे चार-साडेचार ग्रॅम. चटका बसेल, हात राहील. म्हणून मध्ये माप. स्पर्धेच्या मैदानावर तर याहून पुढे जाऊन प्रत्येक बाराची दारू आधीच मोजून वेगवेगळ्या छोट्या नळ्यांत आणतात, शिंग गोळीबाराच्या रेषेपाशी नेतच नाहीत. सतराव्या शतकातले युरोपातले बंदूकधारी छातीवरच्या पट्ट्याला लाकडी डब्या लटकवून फिरत, तीही हीच कल्पना.

हे माप हरणाच्या शिंगाच्या टोकाचं, बांबूच्या पेराचं किंवा साध्या पोकळ हाडाचं करता येतं. भारतात हरणाचं शिंग बाळगणं वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, त्यामुळे आपल्याकडे बांबू उत्तम. ते घरी का करायचं? कारण प्रत्येक नळीची भूक वेगळी असते. एकाच कारागिराच्या दोन बंदुका एकाच वजनाच्या बारावर सारख्या चालत नाहीत. नेमबाज कमी दारूपासून सुरुवात करतो, कारागिरानं दिलेली मर्यादा ओलांडत नाही, कागदावर गोळ्या कुठे जमतात ते पाहतो, आणि ज्या मापावर गोळ्या एकमेकींना चिकटून पडतात त्या मापाची पोकळी कोरतो. मग ते माप त्या बंदुकीचं झालं. ते दुसऱ्याच्या झोळीत गेलं तर निरुपयोगी आहे.

चिंधीकडे येऊ. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण या खेळातली अर्धी अचूकता कापडात आहे. पिळदार खाचांच्या नळीत गोल गोळी थेट बसवत नाहीत, ती कापडात गुंडाळून बसवतात. अर्ध्या इंचाच्या नळीला साधारण ०.४९ इंचाची गोळी घेतात आणि कापड ०.०१५ इंचाच्या आसपास जाडीचं. हिशेब केलात तर गोळी आणि दोन्ही बाजूंचं कापड मिळून ०.५२ इंच होतात, नळीपेक्षा जास्त. हे जास्तीचं कापड दाबलं जाऊन खाचांमध्ये शिरतं, खाचांचा पीळ पकडतं आणि गोळीला फिरकी देतं. मागून येणारा वायूही तेच अडवतं. कापड सुती किंवा लिननचं, म्हणजे जवसाच्या धाग्याचंच हवं. कृत्रिम धागा आत वितळतो. गादीच्या खोळीचं पट्ट्यापट्ट्यांचं घट्ट विणीचं कापड सगळ्यात चांगलं, फक्त आधी धुऊन त्यातली खळ काढून टाकायची.

बार उडाल्यावर पुढे जाऊन ती चिंधी उचलून आणा आणि वाचा. हो, ती वाचता येते. मध्यभागी गोळीचा डाग, भोवती काळं वर्तुळ आणि कडा जराशा उसवलेल्या, असं असेल तर सगळं ठीक आहे. मध्ये जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे किंवा वंगण कमी आहे. सरळ रेषेत कापल्यासारखी दिसली तर खाचांच्या कडा फार धारदार आहेत. कुठल्याही महागड्या उपकरणाशिवाय नळीच्या आत काय घडलं ते ही चिंधी सांगते.

वंगणासाठी मधमाश्यांचं मेण आणि बोकडाची किंवा मेंढीची चरबी, किंवा मेण आणि एखादं वनस्पती तेल, मंद आचेवर एकत्र करतात. थंडीत तेल जास्त, उन्हाळ्यात मेण जास्त. खनिज तेल, गाडीचं तेल यात वापरू नये. काळ्या दारूच्या काजळीशी मिळून त्याचा डांबरासारखा थर बसतो.

या वंगणाचा आपल्या इतिहासाशी फार जवळचा संबंध आहे. १८५७ साली ज्या एन्फिल्ड बंदुकीमुळे ठिणगी पडली, ती ठासणीचीच होती. तिच्या काडतुसाच्या कागदी वेष्टणाला चरबी लावलेली असे, आणि हे वेष्टण नळीत तेच काम करी जे आपली चिंधी करते. चरबी कोणत्या जनावराची, याची काळजी कुणी घेतली नव्हती. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या दमदमला कुजबुज सुरू झाली, तेव्हा सरकारनं परवानगी दिली की शिपायांनी बाजारातून साहित्य आणून आपलं वंगण आपणच करावं. पुढे काडतूस दातांऐवजी हातानं फाडण्याचीही मुभा दिली. तोवर विश्वास उडालेला होता. १८५७ ची कारणं कितीतरी खोल आहेत, ती एका वंगणात बसणारी नाहीत. पण आपल्या बंदुकीत आणि आपल्या तोंडाशी काय जातं हे ज्याचं त्याला ठाऊक असावं, ही अपेक्षा किती मूलभूत आहे ते यातून दिसतं.

आता लहान वस्तू भराभर सांगतो. बंदुकीच्या कानात बार भरताना पक्ष्याच्या पिसाची दांडी खोवून ठेवतात, म्हणजे कानाची वाट मोकळी राहते. शिवाय कान साफ करायला एक तांब्याची किंवा पितळेची तार आणि पेला झाडायला छोटा ब्रश. ज्या पोलादी पातीवर गारगोटी आपटते तिला चामड्याची टोपी घालतात. टोपी असेपर्यंत घोडा चुकून सुटला तरी ठिणगी पडत नाही. ही टोपी शिवायला दहा मिनिटं लागतात, आणि ती बंदुकीला दोरीनं बांधलेली असावी, नाहीतर गवतात हरवते. गारगोटी घोड्याच्या जबड्यात पकडताना खाली चामड्याचा तुकडा ठेवतात, नाहीतर ती सरकते किंवा फुटते. पावसासाठी यंत्राच्या भागावर मेणवलेल्या चामड्याचं झाकण बांधतात. नळी पुसायला अंबाडीचा किंवा तागाचा पिंजलेला धागा आणि गजाच्या टोकाला बसणारा पिळदार आकडा. काळ्या दारूची काजळी हवेतली ओल ओढून घेते आणि एका रात्रीत गंज धरते, म्हणून त्याच दिवशी साबणाच्या पाण्यानं नळी धुवायची. कोकणातल्या पावसाळ्यात तर यात एक दिवसाचीही सूट नाही.

गजावर मात्र सावकाश बोलतो. अमेरिकेत गज हिकरी नावाच्या लाकडाचा करतात. लाकडाचे रेषे टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेले हवेत. रेषा तिरकी असेल तर ठासताना गज तिरका तुटतो आणि त्याचं भाल्यासारखं टोक तळहातातून आरपार जातं. म्हणून वीतभर अंतरावर धरून छोट्या छोट्या रेट्यांनी ठासायचं आणि तोंड, छाती नळीच्या तोंडावरून बाजूला ठेवायची. आणि गजावर दोन खुणा कोरायच्या. नळी रिकामी असताना गज आत सोडून तोंडापाशी एक रेघ. नेहमीचा बार भरल्यावर दुसरी. या दोन रेघा सगळं सांगतात. गोळी दारूला टेकली नसेल, मध्ये मोकळी जागा राहिली असेल, तर दुसरी रेघ तोंडाच्या बरीच वर दिसते. अशा स्थितीत बार उडवला तर नळी फुगते किंवा फाटते. चुकून दोनदा भरलं असेल तर तेही रेघेवरून कळतं. जिच्या गजावर या रेघा नाहीत ती बंदूक मी हातात घेत नाही.

या दोन रेघांची गोष्ट इथल्या श्रोत्यांसाठी सगळ्यात जास्त उपयोगाची आहे. तुमच्यापैकी कुणाच्या गावच्या घरी आजोबा-पणजोबांची बंदूक माळ्यावर असू शकेल. ती भरलेली आहे असं धरूनच चाला. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते, आणि जुन्या बंदुका भरलेल्या सापडल्याचे प्रसंग जगभर घडलेले आहेत. बाहेरून नळीची लांबी तोंडापासून कानापर्यंत आणि आतून लाकडी काठी सोडून खोली, ही दोन मापं जुळली नाहीत तर आत काहीतरी आहे. ते काढायचा प्रयत्न स्वतः करू नका. घोडा ओढून पाहू नका, कानात तार घालू नका, तापवू नका. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली अशा बंदुकीला परवाना लागतो. पोलीस ठाण्यात कळवा, आणि परवानाधारक शस्त्रदुरुस्ती कारागिराकडून बार काढून घ्या. जुनं शिंग सापडलं तर बुची जोर लावून उघडू नका, आत दारू असू शकते. दारू घरी करायचा विचारही कुणी मनात आणू नये, ते कायद्यानं आणि निसर्गानं दोन्हीकडून निषिद्ध आहे. हातानं करायचं ते चामडं, लाकूड, शिंग आणि कापड यांचं काम.

झोळी, शिंग, बांबूचं माप आणि रेघा मारलेला गज मी इथे आणला आहे. सगळं दारूविना आहे. ज्यांना हात लावून पाहायचं असेल त्यांनी पुढे या, आणि येताना प्रश्नही घेऊन या.