समुद्रफुलासाठी फिल्टर निवडताना

खाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'समुद्रफूल पाळायचंय, कुठला फिल्टर घेऊ?' मी त्यावर एक उलटा प्रश्न विचारतो. ते समुद्रफूल, म्हणजे आपण ज्याला सर्रास ॲनिमोनी म्हणतो ते, रात्रीतून मेलं तर सकाळपर्यंत तुमचा फिल्टर काय करेल? या प्रश्नाचं उत्तर देता आलं की फिल्टरची निवड बरीचशी झालेली असते.

आधी प्राणी समजून घेऊ. नावात फूल असलं तरी हा जेलीफिश आणि प्रवाळांचा भाऊबंद. हाडं नाहीत, कवच नाही. तळाला चिकटणारा पाय, वर एकच तोंड, भोवती शुंडकं आणि शुंडकांत दंशपेशी. जगात याच्या हजाराहून जास्त जाती आहेत. क्लाउनफिश ज्यांच्यात घर करते अशा मात्र दहाच. या दहाही जातींच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. म्हणून चांगल्या दिव्याशिवाय, नुसतं भरवून, ही समुद्रफुलं फार दिवस टिकत नाहीत.

आता एक जुनी हकिगत. सर जॉन डॅलियल नावाच्या स्कॉटिश अभ्यासकाने १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक समुद्रफूल आणलं आणि काचेच्या बरणीत ठेवलं. धनी १८५१ मध्ये गेले. समुद्रफूल मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जात १८८७ पर्यंत जगलं. लोक तिला 'ग्रॅनी' म्हणजे आजीबाईच म्हणत. ना फिल्टर, ना पंप. फक्त समुद्राचं ताजं पाणी आणून बदलायचं. अर्थात ती जात भरती-ओहोटीच्या खडकांवरची, चिवट, अंगात शैवाल न बाळगणारी. आपल्या प्रवाळखडकावरच्या समुद्रफुलांकडून तेवढ्या सोशिकपणाची अपेक्षा करू नका. पण मुद्दा लक्षात घ्या. फिल्टर हा त्या पाणी वाहून आणणाऱ्या माणसाचा बदली कामगार आहे. आणि तो पूर्ण बदली कधीच होत नाही, म्हणून थोडं थोडं पाणी बदलणं कुठल्याही यंत्राने सुटत नाही.

काम काय असतं त्याचं? मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, उरलेलं अन्न कुजूनही अमोनियाच होतो. जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य, पण साठत जाणारं. ही साखळी बसायला काही आठवडे लागतात, आणि टाकी खरी मुरायला त्याहून कितीतरी जास्त. समुद्रफूल आणण्याआधी निदान सहा महिने टाकी चालू असावी असं जाणकार सांगतात, ते उगाच नाही.

कॅनिस्टर फिल्टर गोड्या पाण्यातून आलेल्यांचा लाडका. बंद डबा, आत स्पंज, सिरॅमिकच्या रिंगा, झाकण लावलं की विसरलं. खोड नेमकी या विसरण्यात आहे. स्पंजात अडकलेली घाण डोळ्यांआड गेली तरी पाणी तिच्यातूनच फिरत असतं; ती तिथेच कुजते आणि नायट्रेट वाढत राहतं. त्यात वीज काही तास गेली तर बंद डब्यातला प्राणवायू संपतो, जीवाणू मरायला लागतात, आणि वीज आली की तो नासलेला अर्क थेट टाकीत ओतला जातो. दर आठवड्याला उघडून धुणार असाल तर कॅनिस्टर जरूर वापरा. वीज जास्त वेळ गेली असेल तर आतलं पाणी फेकून, डबा धुऊनच चालू करा.

माझा कौल लाइव्ह रॉक, म्हणजे जीवाणू वसलेला सच्छिद्र खडक, आणि प्रोटीन स्किमर या जोडीला. सच्छिद्र खडकात जीवाणूंना भरपूर जागा मिळते आणि खोल, प्राणवायू नसलेल्या पोकळ्यांत थोडंफार नायट्रेटही वायू होऊन निघून जातं. स्किमरचं तत्त्व वेगळं. प्रथिनांसारखे पदार्थ हवेच्या बुडबुड्यांना चिकटतात, फेस नळीतून वर चढतो आणि कपात गडद चहाच्या रंगाचं दुर्गंधी पाणी साठतं. बाकीची साधनं कुजल्यानंतर निस्तरतात. स्किमर बरीचशी घाण कुजण्याआधीच पाण्याबाहेर काढतो. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. समुद्रफूल मरताना वितळतं, चिकट स्राव सोडतं, अशा वेळी स्किमरचा कप भरून वाहतो, पण माशांना सावरायला वेळ मिळतो. एक गंमत सांगतो: टाकीत नुसता हात घातला तरी त्वचेवरच्या तेलाने फेस काही वेळ बसतो. स्किमर बिघडला म्हणून लगेच खोलून बसू नका.

जागा असेल तर खाली संप, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेली दुसरी टाकी, करा. स्किमर, हीटर सगळं तिथे जातं, आणि बाष्पीभवनाने होणारी घट वरच्या टाकीत न दिसता संपात दिसते. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. १०० लिटरमधलं दोन लिटर पाणी उडालं तर ३५ चा खारटपणा (हजार भागांत ३५ भाग मीठ) ३५.७ होतो. भर घालायची ती आरओ-डीआयच्या, म्हणजे गाळून क्षार काढून टाकलेल्या, गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. तापमान २५-२६ अंश आणि खारटपणा ३५ च्या आसपास. हे आकडे गाठण्याइतकंच ते रोज तिथेच ठेवणं महत्त्वाचं. नायट्रेट मात्र शून्यावर नेण्याचा हट्ट नको, आतल्या शैवालाला थोडं खत लागतं.

आता ज्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही ते. टाकीतल्या समुद्रफुलाचा मोठा वैरी पुष्कळदा फिल्टरच असतो. जागा पटली नाही की हा प्राणी चालतो, सावकाश, बहुधा रात्री, आणि पंपाच्या तोंडाशी जाऊन पोहोचतो. पुढे काय होतं ते सांगत नाही. फिरत्या पंपावर जाळी आणि स्पंज, आत ओढणाऱ्या प्रत्येक तोंडावर जाड स्पंज, आणि तो स्पंज दोन-तीन दिवसांनी धुवायचा. नाहीतर तो तुंबतो आणि प्रवाह मंदावतो. नवं समुद्रफूल बसवताना पंप थोडा वेळ बंद ठेवा, पाय पकडू द्या. बबल-टिप जातीला खडकाची खोल खाच लागते, पाय सावलीत आणि शुंडकं उजेडात. गालिच्यासारख्या हॅडनी जातीला पाय रोवायला वाळू हवी.

घेताना तोंड बघा. घट्ट मिटलेलं हवं, सताड उघडं असेल तर हात जोडून परत या. पायाला चीर नको. पांढरंफेक दिसणारं समुद्रफूल सुंदर वाटतं, पण त्याच्यातलं शैवाल निघून गेलेलं असतं. भडक पिवळं किंवा जांभळं दिसलं तर रंगवलेलं असू शकतं. बबल-टिप टाकीतच दुभंगून वाढतं, तेव्हा कुणाच्या टाकीत दुभंगलेलं मिळालं तर समुद्रातून काढलेलं घेऊच नका.

समोरून विचारलंय, 'रोज आक्रसून गोळा होतं, मेलं का?' नाही. आतलं पाणी आणि मळ बाहेर टाकण्यासाठी ते अधूनमधून आक्रसतं, तोंडातून तपकिरी दोरा निघतो, काही तासांत पुन्हा फुगतं. शुंडकं गळायला लागली, वास यायला लागला, तर मात्र हातमोजा घालून लगेच बाहेर काढायचं.

'मासे आजारी पडले तर तांब्याचं औषध?' समुद्रफूल असलेल्या टाकीत कधीच नाही. तांबं त्याला मारतं आणि खडकात मुरून नंतरही पाझरत राहतं. माशांसाठी वेगळी छोटी टाकी ठेवा.

आणि क्लाउनफिशचं म्हणाल तर तिला समुद्रफुलावाचून काही अडत नाही. टाकीत जन्मलेले कित्येक मासे त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, एखाद्या पंपामागेच संसार थाटतात. तेव्हा मासा हौसेने आणा, समुद्रफूल टाकी मुरल्यावर.