भाजी गोठतेय, मग गॅस संपला कसा?

श्रोतेहो, नमस्कार.

फ्रिज दुरुस्तीच्या धंद्यात माझी बरीच वर्षं गेली. गेल्या उन्हाळ्यात, ऐन मे महिन्यात, आपल्या सोलापुरातल्या विडी घरकुलातून माझ्या मावशीचा फोन आला. "अरे, फ्रिज लई गार करायलाय की रे. कोथिंबीर काचेसारखी मोडायलीय." आदल्याच आठवड्यात एका मेकॅनिकनं 'गॅस संपलाय' असं सांगून अडीच हजार घेतले होते. मी गेलो तर खालच्या खणात वांगी दगडासारखी, आणि मागच्या भिंतीला टेकलेली मावशीची इन्सुलिनची बाटली गोठलेली. आधीची एक बाटलीही अशीच गोठली होती. ती तिनं वितळवून वापरली होती. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. एकदा गोठलं की वितळल्यावर दिसायला तसंच दिसलं, तरी त्याचा भरवसा राहत नाही. ते टाकूनच द्यावं लागतं. दोन दिवस मावशीची साखर का चढली होती, ते मला तिथं उभं राहून कळलं. ते अजून सलतं मला.

फ्रिजमधला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तोच गॅस बंद नळ्यांतून वर्षानुवर्षं फिरतो. गळती झाली तरच कमी होतो, आणि कमी झाला की फ्रिज गार करायचा थांबतो. इथं तर भाजी गोठत होती! एवढं एक वाक्य मावशीला ठाऊक असतं, तर अडीच हजार वाचले असते.

खरा दोष होता सेन्सरचा. एका दाराच्या साध्या फ्रिजमध्ये बहुधा फिरवायच्या बटणाचा थर्मोस्टॅट असतो, त्याची गोष्ट निराळी. दोन दारांच्या फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये मात्र शेंगदाण्याएवढा एक मणी असतो, त्याला दोन वायरी. त्याला थर्मिस्टर म्हणतात. गारवा वाढला की त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो; उष्णता वाढली की रोध कमी होतो. त्यावरून आतला सर्किट बोर्ड ठरवतो, कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस फिरवणारा पंप, चालवायचा की थांबवायचा. मण्यात ओल शिरली की रोध खोटा कमी दिसतो. बोर्डाला वाटतं आत गरम आहे, आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही. उलट, वायरीच्या जोडावर गंज चढला तर रोध खोटा वाढतो, बोर्डाला वाटतं गार झालं, आणि दूध नासतं.

पण लगेच सेन्सरवर जाऊ नका. आधी पेलाभर पाण्यात थर्मामीटर घालून मधल्या खणात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडताच वाचा. ३ ते ५ अंश असेल तर बरोबर. तापाचं थर्मामीटर इथं चालत नाही, ते एवढं खाली जातच नाही. दाराच्या रबरात कागद धरून ओढा; सहज निसटला तर रबर ढिलं झालंय. आणि यंत्रमागाच्या शेजारी राहणाऱ्यांनी फ्रिजच्या मागची जाळी जरूर बघावी. कापसाचे तंतू तिच्यावर गोधडीसारखे बसतात, आणि उष्णता बाहेर जायची वाटच बंद होते. अशा फ्रिजला नवा सेन्सर बसवून काय होणार?

हे सगळं ठीक असेल तरच मण्याकडे वळा. स्विच बंद करून भागत नाही, प्लग उपसून बाजूला ठेवा. जोड सोडवून मणी बाहेर घ्या. रोध किलोओममध्ये मोजतात. बऱ्याच फ्रिजमध्ये मणी २५ अंशांना १० किलोओमचा असतो, काहींत वेगळा. आकडा मॉडेलप्रमाणे विचारून घ्यावा. इथं आपल्या गावात एक गफलत होते. मे महिन्यात घरातच ३८ अंश असतात. तेव्हा १० किलोओमचा चांगला मणीसुद्धा ६ च्या आसपास दाखवतो, आणि लोक तो खराब म्हणून फेकतात. म्हणून बर्फाचं पाणी घ्या. ते दिल्लीतही शून्य अंश आणि सोलापुरातही शून्यच. पेल्यात ठेचलेला बर्फ भरून वर थोडं पाणी घाला, ढवळा. मणी पातळ पिशवीत गुंडाळून पाच मिनिटं बुडवून ठेवा. रोध मोजायचा मल्टिमीटर मण्याच्या दोन वायरींना लावा आणि २०० किलोओमच्या खुणेवर ठेवा. २० वर ठेवलात तर आकडा बाहेर जातो आणि वायर तुटली असं वाटतं. १० किलोओमचा मणी २७ ते ३३ च्या दरम्यान स्थिरावला पाहिजे. मग मुठीत धरा, आकडा सावकाश उतरला पाहिजे. मावशीचा मणी बर्फात १४ वरच अडकला होता, मध्येच उड्या मारत होता.

एक विनंती हात जोडून करतो. साचलेला बर्फ सुरीनं किंवा पेचकसानं खरवडू नका. मागच्या पट्टीवर 'आर ६००ए' लिहिलं असेल, तर आतला गॅस पेट घेणारा आहे. नळीला भोक पडलं तर दारं-खिडक्या उघडा, तिथल्या कुठल्याही बटणाला हात लावू नका. बोर्डही स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.

नवा मणी त्याच आकड्याचा घ्या. जोडाला नुसती चिकटपट्टी गुंडाळली तर ओल पुन्हा शिरते. जोडाला डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, वर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवायला सांगा. मणी चांगला निघाला तर दोष बोर्डात किंवा पंख्यात असू शकतो. मग मेकॅनिकला बोलवा आणि बर्फातला आकडा त्याला दाराशीच सांगा.

मावशीच्या पेल्यात दुसऱ्या दिवशी सकाळी ४ अंश होते. नवी बाटली आता ती मधल्या खणात ठेवते, मागच्या भिंतीपासून चार बोटं पुढे.