कुठल्या पानावर सोडलंस?

नमस्कार श्रोतेहो.

लालबागच्या एका चाळीत, मंडळाच्या खोलीत, दर शनिवारी संध्याकाळी मी मुलांना पुस्तकं देते. एका कोपऱ्यात गणपतीच्या मखराचं सामान, भिंतीला टेकवलेला कॅरम बोर्ड आणि मधोमध आमची दोन लोखंडी कपाटं. आई-वडील येतात आणि विचारतात, "मुलगा सहावीत आहे, काय वाचायला देऊ?" किंवा, "मुलगी नववीत गेली, आता काय?" इयत्ता सगळे सांगतात. मी मुलाकडे वळून विचारते, "याआधीचं पुस्तक कुठल्या पानावर सोडलंस?"

आज मला एवढंच सांगायचं आहे. मुलाला कादंबरी सुचवताना त्याचं वय नंतर विचारा, त्यानं आधीचं पुस्तक कुठल्या पानावर सोडलं ते आधी विचारा. हे मला एका मुलानं शिकवलं.

जूनमधली गोष्ट. बाहेर धो धो पाऊस. सहावीतला एक मुलगा दप्तर डोक्यावर धरून आत आला. नुकताच मालवणहून आला होता, शिकायला, काकाकडे. आई-वडील गावीच. मी विचार केला, गावातून शहरात शिकायला आलेला मुलगा आहे, याला फास्टर फेणे द्यावा. भा. रा. भागवतांचा बनेश फेणेही फुरसुंगीहून पुण्याला, विद्याभवनात शिकायला आलेला. सायकल, पळापळ, चोर आणि संकटाच्या वेळी तोंडातून निघणारा तो 'ट्टॉक' आवाज! माझ्या कपाटातली ही पुस्तकं हाताळून हाताळून मऊ झाली आहेत. त्यांना कुणी नाही म्हणत नाही.

यानं पुढच्या शनिवारी पुस्तक परत आणलं. आत खूण होती, एसटीचं तिकीट. मालवण ते परळ. त्यावरची शाई उडत चाललेली, अक्षरं जेमतेम लागत होती. खूण अगदी सुरुवातीच्या पानांत. त्यानं तिकीट काढून घेतलं, नीट घडी करून खिशात ठेवलं. मी दुसरं पुस्तक दिलं. तेही तसंच परत आलं, तिकीट पहिल्या काही पानांत. तिसरं दिलं, तीच गत. काकी एकदा सोबत आली होती, ती म्हणाली, "त्याला वाचनाची आवडच नाही हो, उगाच कशाला?"

मग मी त्याला खाली बसवलं आणि विचारलं, "फेणे का सोडलास रे? आवडला नाही?"

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "बाई, ह्येका घरची आठवणच येणा नाय."

मुलगा वाचत होता, श्रोतेहो. चांगला वाचत होता. त्याला त्या पानांत जे हवं होतं ते सापडत नव्हतं, म्हणून तो थांबत होता. आणि आम्ही मोठी माणसं त्याला आवड नाही म्हणत होतो.

मी मोठ्यांच्या कपाटाकडे गेले आणि 'वनवास' काढलं. प्रकाश नारायण संतांचं, 1994 सालचं. संत म्हणजे इंदिरा संतांचे चिरंजीव, कराडला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. तसा तो कथासंग्रह, पण सगळ्या कथा लंपन नावाच्या एका मुलाच्या, त्यामुळे कादंबरीसारखा सलग वाचता येतो. लंपन आई-वडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहतो. सीमाभागातलं गाव, मराठीत कानडी मिसळलेलं. मुलांसाठी म्हणून लिहिलेलं हे पुस्तक नाही, आणि सहावीच्या मुलाला ते जड जाईल असं मला कुणीही सांगितलं असतं. मलाही तसंच वाटत होतं. पण दिलं.

एक शनिवार गेला, दुसरा गेला, मुलगा नाही. पाच आठवडे! एकदा जिन्यात दिसला तर म्हणाला, "अजून व्हयत नाय, हळू वाचतंय." सहाव्या शनिवारी आला. पुस्तक वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेलं, पावसाचा एक थेंब लागू दिला नव्हता. मी विचारलं, "भाषा कळली का रे?" तर म्हणतो कसा, "काय काय नाय कळला. पण ह्ये पण आमच्यासारखे येगळा बोलतत."

शाळेत त्याच्या मालवणीला मुलं हसत होती, हे मला तेव्हा समजलं. लंपनच्या गावात सगळेच 'येगळा' बोलतात आणि ते बोलणं थेट पुस्तकात छापलेलं आहे! मला तर वाटतं, मुलांच्या पुस्तकांतल्या सगळ्या पोरांना एकसारखं पुणेरी बोलायला लावणं बंद केलं पाहिजे. मुंबईच्या चाळीत एका मजल्यावर मालवणी, सातारी, खानदेशी ऐकू येते, ती पुस्तकात का नको?

तर त्यानं विचारलं, "ह्याचा फुडला हा?" मी 'शारदा संगीत' हातात ठेवलं. 'पंखा' आणि 'झुंबर' अजून बाकी होती. परत आलेलं 'वनवास' चाळलं तर शेवटच्या पानात ते तिकीट. शाई पूर्ण उडालेली, कोरा कागद. मी त्याला हाक मारली, "अरे, तुझं तिकीट राहिलं." तो दारातून म्हणाला, "ऱ्हवांदे."

बोलता बोलता वेळ बराच गेला. आता बाकीचं भराभर सांगते, कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या.

गोष्ट रंगायच्या आधीच पुस्तक सोडणारी मुलं असतात, त्यांना सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा द्या. अशोक जैन यांनी तो मराठीत छान आणला आहे. पहिल्या पानापासून रहस्य, आणि त्यातलं एक साहस तर आपल्या मुंबईत घडतं. शाळेचा कंटाळा असलेल्यांना 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागी यांच्या लहानपणच्या आठवणी, पण वाचायला कादंबरीच. तोक्योतली शाळा आणि तिचे वर्ग आगगाडीच्या डब्यांत! करी रोडची मुलं तर आधी हेच विचारतात, की डबा चालतो का. आणि नववी-दहावीच्या मुलांना मिलिंद बोकील यांची 'शाळा' द्या. आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग, 2004 साली आलेली कादंबरी. त्यात प्रेम आहे म्हणून ती लपवून ठेवणारे पालक मला भेटतात. लपवू नका. त्या वयात मनात जे चाललेलं असतं ते कुणीतरी इतक्या समजुतीनं लिहून ठेवलं आहे, ते मुलांना मिळू द्या.

पुस्तक विकत घेणं जमत नसेल तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, 1898 सालापासूनचं. मुलाला स्वतःला घेऊन जा. आणि वाचून झाल्यावर 'तात्पर्य काय?' असं कृपा करून विचारू नका. पुन्हा सांगते, तात्पर्य विचारू नका. कुठल्या पानावर सोडलंस, एवढंच विचारा, आणि तो सांगेपर्यंत गप्प बसा.

नमस्कार.