मोटरहोमच्या खिडक्या : घासण्याआधी पाहा

मंडळी, आज इथे इंग्लंडमध्ये समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांकडे जुनी मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, आहे. खिडक्या धूसर झाल्या की पहिला प्रश्न येतो, ‘कुठलं पॉलिश आणू?’ माझं म्हणणं असं, की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. प्लॅस्टिक कुठलं आहे आणि बिघाड नेमका कुठे आहे, हे आधी ठरवा.

गाडीची समोरची काच खरोखरीची काच असते. राहायच्या भागातल्या खिडक्या बहुधा अ‍ॅक्रिलिक नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या, दुहेरी, मध्ये हवा असलेल्या. काचेच्या निम्म्याहून कमी वजन, हे त्यामागचं मोठं कारण. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानात वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक छत याच अ‍ॅक्रिलिकचं होतं. अ‍ॅक्रिलिक ऊन चांगलं सोसतं, पण त्याला चरे लवकर पडतात. हेडलाइटचं आवरण वेगळ्या प्लॅस्टिकचं, पॉलिकार्बोनेटचं. त्याला चटकन तडा जात नाही, पण ते उन्हाने पिवळं पडतं, म्हणून कारखान्यातच त्यावर संरक्षक थर देतात. घासताना तो थर जातो. नवा थर दिला नाही, तर आज लख्ख केलेला हेडलाइट पुन्हा पिवळा पडणारच.

आता सगळ्यात उपयोगाची परीक्षा, आणि तिला खर्च शून्य. खिडकी धुऊन घ्या आणि धूसर जागी पाणी लावा. ओली असताना ती स्वच्छ दिसली, तर बिघाड पृष्ठभागावरचा. प्रकाश किती वाकतो ते सांगणारा वक्रीभवनाचा अंक हवेचा जवळजवळ १, पाण्याचा १.३३ आणि अ‍ॅक्रिलिकचा १.४९. चऱ्यात हवा असते तेव्हा प्रकाश विखुरतो. पाण्याचा अंक अ‍ॅक्रिलिकच्या जवळचा, म्हणून पाणी भरलं की त्याचं विखुरणं बरंच कमी होतं. पॉलिशने काय साधेल, याचा अंदाज तिथेच मिळतो. फरक पडला नाही, तर आतली बाजू ओली करून पाहा. तरीही धूसरच राहिली, तर दोन थरांमधली वाफ किंवा अ‍ॅक्रिलिकमधल्या बारीक भेगा, असा संशय घ्या.

चरा पृष्ठभागावरचा असेल तर त्यावरून नख फिरवा. नख अडत नसेल तर प्लॅस्टिकचं पॉलिश आणि मऊ कापड पुरे. अडत असेल तर वॉटरपेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा खरखरीत कागद: १००० नंबरपासून १५००, २०००, ३००० असं अधिकाधिक बारीक कागदाकडे चढत जायचं. दर नंबरला घासायची दिशा काटकोनात बदला, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते दिसतं. पाणी भरपूर, त्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब. फक्त चऱ्यापुरतं घासू नका. तिथे खड्डा पडतो आणि बाहेरचं झाड वाकडं दिसतं. आजूबाजूचा मोठा भाग हलक्या हाताने घ्या. मशीन वापरायचंच असेल तर फोमचं पॅड आणि कमी वेग. अ‍ॅक्रिलिक साधारण १०० अंश सेल्सिअसला मऊ पडतं, आणि एका जागी फिरणाऱ्या पॅडखाली तेवढी उष्णता सहज तयार होते.

भेगांबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. बाजूने टॉर्च मारला की केसाएवढ्या चंदेरी रेघा चमकतात. अ‍ॅक्रिलिकमध्ये ताण असतो, बिजागराजवळ, स्क्रूजवळ, आणि त्यावर अमोनिया किंवा अल्कोहोल असलेलं काच पुसायचं द्रावण पडलं की या रेघा उमटतात. थिनर, पेट्रोल, अ‍ॅसिटोन यांनीही तेच होतं. म्हणजे खिडकी चकचकीत करायला गेलेल्या हातूनच ती जाते! साबण, कोमट पाणी आणि मऊ कापड एवढंच वापरा. तेसुद्धा आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून गेल्यावर. कोरड्या फडक्याखाली धुळीचा कण वॉटरपेपरचंच काम करतो.

रेघा खोल गेलेल्या असतील तर घासून त्या जात नाहीत, उलट ते प्लॅस्टिक आधीच ठिसूळ झालेलं असतं. छतावरचा झरोका असा झाला असेल तर पॉलिशवर पैसे घालू नका, तो बदला. गाडी महामार्गावर असताना तो फुटून उडाला, तर मागून येणाऱ्याच्या अंगावर जाईल.