पुढचा भाग कधी?

[दृश्य : विमानांच्या हँगरमधील शेवटचा प्रसंग. आवाज हळूहळू विरत जातो.]

ऑक्टोबर २००७मध्ये आलेला ‘हाफ-लाइफ २ : एपिसोड टू’ हा व्हिडिओ गेम ज्यांनी शेवटपर्यंत खेळला, त्यांच्या मनातून हे दृश्य गेलेले नाही. वडिलांच्या मृतदेहाशेजारी बसून नायकाची साथीदार ॲलिक्स रडते आहे, नायकाला काहीही करता येत नाही, आणि पडदा काळा होतो. तिसरा भाग येणार हे व्हॉल्व्ह कंपनीने आधीच सांगितलेले असल्यामुळे त्या वेळी याला कोणी शेवट मानले नाही. तो तिसरा भाग कधीच आला नाही.

मोठा गेम एकदम न आणता व्हॉल्व्हने तो भागाभागांत विकण्याची वाट धरली, तिला कारण होते. १९९८चा पहिला ‘हाफ-लाइफ’ आणि २००४चा दुसरा यांच्यामध्ये सहा वर्षे गेली होती. पुन्हा तेवढा काळ घालवण्यापेक्षा, हाताशी तयार असलेल्या तंत्रज्ञानावर लहान लहान भाग लवकर काढावेत, असा तो विचार होता. प्रत्यक्षात पहिला भाग जून २००६मध्ये निघाला आणि दुसऱ्याला त्यानंतर सोळा महिने लागले, कारण उद्ध्वस्त शहरातल्या गल्ल्यांच्या जागी आता मोकळी जंगले, गाडीतून प्रवास आणि तीन पायांच्या अजस्र स्ट्रायडरांशी लढाई आली होती. भाग लहान ठेवायचा असे ठरवणे सोपे असते. मागच्यापेक्षा कमी दिले, हे खेळाडूला सांगणे कठीण असते.

येथे दूरचित्रवाणी मालिकेची उपमा नेहमी दिली जाते, आणि ती फसवी आहे. मोठ्या गेममध्ये पात्रांच्या हालचाली, कॅमेरा, शत्रूंचे वर्तन, प्रकाशयोजना हे सारे पहिल्या भागाआधीच उभे करावे लागते, म्हणजे एकही प्रत विकली जाण्यापूर्वी खर्चाचा मोठा वाटा होऊन गेलेला असतो. आणि कथा पुढे सरकली की आधीची ठिकाणे मागे पडतात, त्यामुळे नवी उभारावीच लागतात. शिवाय दुसरा भाग घेणारे बहुतेक जण पहिला घेतलेल्यांपैकीच असतात, म्हणून खरेदीदार भागागणिक घटत जातात. अनेकजण तर मालिका पूर्ण झाल्यावरच घ्यायची असे ठरवतात. त्यांची सावधगिरी रास्त आहे, पण तिच्यामुळेच सुरुवातीची विक्री रोडावते आणि मालिका अर्ध्यावर सोडली जाण्याची शक्यता वाढते. रिच्युअल एंटरटेनमेंटच्या ‘सिन एपिसोड्स’चे नऊ भाग योजले होते. २००६मध्ये पहिला आला, आणि तोच अखेरचा ठरला.

[दृश्य : पॅरिसमधील राजवाडा, फॅशन शोची गर्दी.]

तरीही ही पद्धत मोठ्या गेमला शोभतच नाही, असे म्हणता येत नाही. मार्च २०१६ ते ऑक्टोबर २०१६ या काळात आयओ इंटरॅक्टिव्हने भाडोत्री मारेकऱ्याच्या ‘हिटमॅन’ या गेमची सहा ठिकाणे एकामागून एक आणली : पॅरिस, सपिएन्झा, माराकेश, बँकॉक, कोलोरॅडो आणि होक्काइदो. सपिएन्झा हे इटलीच्या किनाऱ्यावरचे काल्पनिक गाव आहे, आणि पुढचा भाग येईपर्यंतच्या दिवसांत खेळाडूंनी ते अक्षरशः पाठ केले : बंगल्यातला आचारी कुठे थांबतो, कोणता पहारेकरी पाठ फिरवतो, जमिनीखालच्या प्रयोगशाळेत कोणत्या वाटेने शिरता येते. सहाही ठिकाणे एकाच दिवशी मिळाली असती, तर अनेकांनी प्रत्येक ठिकाण एकदाच पार करून पुढचा रस्ता धरला असता. मधल्या काळात मर्यादित दिवसांपुरती अशी लक्ष्येही दिली जात, ज्यांच्यासाठी एकच संधी असे. चुकली की संपली. वाट पाहणे हाच तेथे खेळाचा भाग झाला होता, आणि प्रत्येक ठिकाण स्वतःपुरते पूर्ण होते म्हणूनच ते साधले. सर्व ठिकाणांना जोडणारी कथा मात्र तुटक आणि पातळ राहिली. पुढे नोव्हेंबर २०१८मध्ये ‘हिटमॅन २’ आला, तो एकसंध. ज्यांना ही पद्धत सर्वांत चांगली जमली होती, त्यांनीच ती सोडली.

‘फायनल फँटसी ७’ची गोष्ट वेगळी आहे. १९९७मध्ये तीन सीडींवर एकत्र मिळालेली कथा स्क्वेअर एनिक्सने नव्या रूपात तीन स्वतंत्र, पूर्ण किमतीच्या गेममध्ये वाटली. एप्रिल २०२०चा पहिला गेम मिडगार शहरातच संपतो, जे मूळ गेममध्ये काही तासांत मागे पडत असे. दुसरा फेब्रुवारी २०२४मध्ये, नव्या पिढीच्या कन्सोलवर आला, आणि पहिल्यात कमावलेली शक्ती त्यात पुढे नेता येत नव्हती. असे भाग भरगच्च असतात, हे मान्य आहे. पण शेवट पाहण्यासाठी अनेक वर्षे थांबावे लागणे ही छोटी मागणी नाही.

एकसंध गेमही पहिल्या दिवशी अपुरा निघतो. डिसेंबर २०२०मध्ये ‘सायबरपंक २०७७’ प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानातून काढून घ्यावा लागला होता. पण त्याचे दोष निदान खरेदीपूर्वी तपासता येतात. न बनलेल्या भागाचे परीक्षण कोणीच लिहू शकत नाही. सप्टेंबर २०१८मध्ये टेलटेल या गेम कंपनीने बहुतेक कर्मचाऱ्यांना काढले, तेव्हा ‘द वॉकिंग डेड’च्या अखेरच्या हंगामाच्या चारपैकी एकच भाग आला होता, दुसरा काही दिवसांनी आला, आणि खेळाडूंनी पैसे चारही भागांचे भरले होते. स्कायबाउंड या दुसऱ्या कंपनीने काम हाती घेतले म्हणून मार्च २०१९मध्ये ती कथा पूर्ण झाली. म्हणूनच आम्हाला कॅपकॉमची २०१५ची रीत अधिक प्रामाणिक वाटते : ‘रेसिडेंट इव्हिल रेव्हलेशन्स २’चे चार भाग दर आठवड्याला एक असे ओळीने आले, आणि लगेच सर्व भागांची डिस्कही मिळाली.

[दृश्य : पुन्हा तेच हँगर.]

मार्च २०२०मध्ये, म्हणजे बारा वर्षांहून अधिक काळानंतर, व्हॉल्व्हने ‘हाफ-लाइफ : ॲलिक्स’च्या अखेरीस खेळाडूंना या हँगरमध्ये परत आणले. या वेळी वडील जिवंत राहतात आणि ॲलिक्स नाहीशी होते. वडील नायकाच्या हाती त्याची जुनी पहार देतात, आणि पडदा पुन्हा काळा होतो.